वकीलसाहेबांचं पाणी

१२ एप्रिल. पाणी २२.

जनावरांच्या डॉक्टर नोएमीबाई म्हणाल्या, रोज पाण्याचं तापमान मोजा आणि लिहून ठेवा, दोन्या कासिल्दा. म्हणून माझ्या मुलाची, लेओबार्दोची, शाळेतली अर्धी कोरी वही काढली. पण नुसता आकडा लिहून थांबणं मला कुठलं जमायला.

काल सकाळी कंपाद्रे तिबुर्सियो, लेओबार्दोचे धर्मबाप, बादली घेऊन आले. म्हणाले, "कोमाद्रे, तुमच्या चरात सापडला. गाळ उपसत होतो, जाळीत आला." बघते तर काळपट, वीतभर लांब, चार इवले पाय, डोक्यामागे दोन्ही बाजूंना पिसांसारखे तीन-तीन कल्ले, आणि तोंड असं की आत्ताच कोणीतरी चावट विनोद सांगितलाय. अहोलोते! मी तिथेच ओट्याच्या कडेला बसले.

चाळीस वर्षं झाली असतील, आमच्या चिनाम्प्याच्या, म्हणजे पाण्यात गाळ रचून केलेल्या शेताच्या, चरात एकही दिसला नव्हता. लहानपणी बाबा ते मक्याच्या पानात गुंडाळून निखाऱ्यावर भाजायचे. मीही खाल्लेत, खोटं कशाला बोलू. मग पाणी नासलं, सरकारने सोडलेले परदेशी मासे त्यांची अंडी गिळत सुटले, आणि शोचिमिल्कोत अहोलोते उरले ते भिंतींवरच्या चित्रांत. आता परत आले. तेही माझ्या चरात. मला रडू आलं तर कंपाद्रे म्हणाले, आधी याला घर करा, मग रडा.

ठरलंय असं, की तो जरा अशक्त आहे म्हणून महिनाभर माझ्याकडे राहील. तोवर कंपाद्रे चराच्या दोन्ही तोंडांना दगड आणि वेताची जाळी बसवतील, म्हणजे मासे आत शिरणार नाहीत. मग सोडायचा. त्याच्यासोबत खायच्या गोळ्यांचा डबासुद्धा आणला होता त्यांनी. किती पुढचं बघतो हा माणूस.

१४ एप्रिल. पाणी २०.

लेओबार्दोची माशांची जुनी काचपेटी माळ्यावरून काढून मोरीशेजारच्या गार खोलीत ठेवली. तळाला हौसेने रंगीत खडे घातले. फोनवर नोएमीबाई म्हणाल्या, काढा ते आधी, हे तोंडात मावेल ते गिळतात आणि मग पोट अडकून मरतात. काढले. नळाचं पाणी दोन दिवस उघडं ठेवून मग वापरायचं, चरातलं अजिबात नको म्हणाल्या. फुटका माठ आडवा ठेवला, त्यात तो लगेच शिरला. पाणी फिरवणारा पंप लावला तर कल्ले पुढे वळवून कोपऱ्यात दबून बसला. बाई म्हणाल्या, त्याला वाहतं पाणी सोसत नाही. मग माझ्या हासिन्तोचा जुना मोजा पंपाच्या तोंडावर बांधला. नवरा जाऊन सहा वर्षं झाली, मोजे अजून कामाला येतायत.

दिवसभर माठात पडून असतो, तोंडावर हसू, काम काही नाही. नाव ठेवलं वकीलसाहेब.

खरी कटकट पाणी गार ठेवण्याची. अठराच्या वर जाऊ द्यायचं नाही, आणि एप्रिलचं ऊन तर पत्रा तापवतंय. दर तीन तासांनी पाण्यात बर्फाची बाटली सोडायची. माझ्या फ्रीजमध्ये चारच बाटल्या गोठतात. कंपाद्रे म्हणाले, मी माझ्या पेटीतल्या रोज दोन आणतो, पण तुम्ही घर सोडू नका, एक दुपार चुकली की जनावर गेलं. तुमच्या चिनाम्प्याला पाणी मी घालतो, तुमची घोळ, तुमचे मुळे, सगळं बघतो.

म्हटलं, असा कंपाद्रे देवाने सगळ्यांना द्यावा. लेओबार्दोच्या बाप्तिस्म्याला धर्मबाप म्हणून यांनीच त्याला हातावर धरलं होतं. त्याआधी आम्ही दोघं चरातल्या चिखलात लोळणारी, अरेतुरेतली पोरं. त्या दिवसापासून अहोजाहो.

१७ एप्रिल. पाणी १८.

काचेवर बोट आपटलं की वकीलसाहेब वर येतात आणि तोंड उघडतात. गोळी टाकली की गट्ट. आठवड्यापूर्वी चिखलात राहणारं रानटी जनावर, आणि आज हातचं खातंय. लेओबार्दोला फोनवर सांगितलं तर घाईने म्हणाला, "हुशार असेल, आई." अलीकडे रोज फोन करतो हो माझा मुलगा. एरवी पुएब्लाहून आठवड्यातून एकदा, तोही घाईत. आता रोज विचारतो, जेवलीस का, पाणी गार आहे का, चिनाम्प्यावर नाही ना गेलीस, ऊन लागेल.

२१ एप्रिल. पाणी १९.

कंपाद्रेंनी माझ्या वाफ्यातला सॅलडचा पाला आणला. छान गोल, घट्ट गड्डे, धुतलेले. मी तर लांब, सुट्या पानांचं लावलं होतं. पाणी घालताना वाफे चुकून शेजारच्याचे कापले असणार, डोळे कुठे राहिलेत आता त्यांचे. काही बोलले नाही. एवढा राबतोय माणूस, त्याला गड्ड्यावरून काय टोकायचं.

माझी होडी त्यांनी डांबर लावायला नेलीय. तळातून पाणी झिरपत होतं म्हणाले. मला कधी दिसलं नाही, पण ते होडी बघतात पुरुषाच्या नजरेने.

सकाळी खिडकीतून दिसल्या, डबर भरलेल्या दोन मोठ्या होड्या आमच्या फाट्याकडे वळत होत्या. विचारलं तर म्हणाले, जाळीच्या पायाला दगड. एवढे? मजबूत करतोय, कोमाद्रे, पुन्हा पुन्हा नको.

२४ एप्रिल. पाणी २३.

आज घाबरले. दुपारी फ्रीज बंद पडला, बाटल्या वितळल्या, वकीलसाहेब पाण्यावर तरंगत होते. ओल्या गोणपाटाने काचपेटी गुंडाळली, वर पंखा धरला, शेजारणीकडून बर्फ आणला. संध्याकाळी खाली बसले. माझाच जीव खाली बसला.

मनात येतंय, याला नळाचं पाणी मानवत नाही. नोएमीबाई शिकलेल्या आहेत, पण त्या शहरात वाढलेल्या. ज्याचं त्याला घरचं पाणी हवं. माझी आई ताप आला की विहिरीचं नाही, चरातलं पाणी कपाळावर लावायची. कंपाद्रेंना म्हटलं, रोज दोन कॅन आपल्या चरातलं पाणी आणा. का कोण जाणे, जरा अडखळले. गाळ ढवळलाय म्हणाले. म्हटलं, ढवळू दे, मी गाळून घेईन. मग आणलं.

२६ एप्रिल. पाणी १९.

निम्मं पाणी चरातलं घातलं. वकीलसाहेब माठातून बाहेर येऊन इकडेतिकडे फिरले. घरची ओळख पटली असावी.

कंपाद्रेंचे बूट पांढरेफेक. पँटीलाही पांढरं. विचारलं तर म्हणाले चुना, माती आंबट झालीय. माझी माती आंबट! बाबांपासून ती माती मी चाखत आलेय. पण असेल, उन्हाने होत असेल. त्यांनी स्वतःहून चुना आणला याचं मला कौतुकच वाटलं. त्यांच्या स्वतःच्या चिनाम्प्यावर तर पालाही उगवत नाही. चार वर्षांपूर्वी सगळं सपाट करून फुटबॉलचं मैदान केलं, रविवारी पोरं भाड्याने खेळतात. पण ते अर्धंच. मध्ये चर, आणि चरापलीकडे मी. दोनदा हसत हसत म्हणाले होते, कोमाद्रे, चर बुजवला की पुरं मैदान होतं. दोन्ही वेळा मी झाडू दाखवला होता. त्यानंतर विषय काढला नाही, समजूतदार माणूस.

२९ एप्रिल. पाणी १९.

डाव्या कल्ल्यावर कापसासारखं पांढरं काहीतरी आलंय. खात नाही. शेपटीचं टोक आकड्यासारखं वळलंय.

चरातल्या पाण्याला आज वास येतोय, तळणाच्या तेलासारखा. आमच्या चराला असा वास कधी नव्हता. उन्हाने असेल. की माझंच काही चुकलं? हात धुतले नसतील, गोळी कुजली असेल. नोएमीबाईंना फोन केला. त्यांनी विचारलं, पाणी कुठलं? मी म्हटलं नळाचं. त्यांनी नको सांगितलेलं वापरलं, हे सांगायची लाज वाटली. वेगळ्या टबात घ्या म्हणाल्या, रोज सगळं पाणी बदला, रोज दहा मिनिटं साध्या मिठाच्या पाण्यात ठेवा, बघू.

मिठाच्या पाण्यात कसा वळवळतो. तोंडावर तेच हसू, म्हणून आणखी वाईट वाटतं. नुसतं बघवत नाही.

३ मे. पाणी १८.

क्रूसाचा सण. दरवर्षी मी चिनाम्प्याच्या डोक्यावर, वाळुंजीखाली, फुलांनी मढवलेला क्रूस उभा करते. हासिन्तो गेला त्या वर्षीही चुकला नव्हता. या वर्षी टबाजवळून हलता येईना. कंपाद्रे म्हणाले, द्या इकडे, मी लावतो, तुमच्याच जागेवर. झेंडूच्या माळा गुंडाळून दिला. डोळे भरून आले त्यांचे. मला म्हणाले, "कोमाद्रे, तुम्ही फार चांगल्या आहात." असं ते कधी बोलत नाहीत. म्हटलं, म्हातारे झालात.

कापूस कमी झालाय. आज अर्धं गांडूळ खाल्लं.

५ मे. पाणी १७.

वकीलसाहेबांना बादलीत घालून नोएमीबाईंकडे नेलं. कल्ले बरे आहेत, आठवड्यात ठीक होतील म्हणाल्या. मी हुरळून सांगितलं, बरा झाला की चरात सोडणार, तिथलाच आहे तो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. म्हणाल्या, हा चरातला नाही, दोन्या कासिल्दा. हा दुकानातला. अंगावर ही जी सोनेरी झाक आहे ती पेटीत पैदास केलेल्यांची, आणि पहिल्या दिवसापासून गोळ्या खातो म्हणता, रानातला गोळीकडे ढुंकून बघत नाही.

मग कॅनमधलं उरलेलं पाणी दाखवलं, आता लपवण्यात काय अर्थ होता. त्यांनी हुंगलं. हे धक्क्यावरचं पाणी आहे म्हणाल्या, जिथे सहलीच्या होड्यांवर तळण चालतं. शेताकडच्या चराचं हे नाही. यानेच तो आजारी पडला.

घरी येताना मी कंपाद्रेंच्या बाजूने भांडत होते, मनातल्या मनात. विकतचा आणला असेल, सांगायची लाज वाटली असेल. एकट्या बाईला सोबत म्हणून आणला असेल. पाणी धक्क्यावरून भरलं असेल, पाठ दुखत असेल, चर लांब आहे. सगळं पटत होतं. पण मग चराचं काम काय चाललंय तीन आठवडे, ते काही पटेना.

६ मे. पाणी १८.

शेजारणीची होडी मागून गेले.

चर नाही. डबराने भरलाय, वर माती, वर गवताच्या चटया. माझे वाफे नाहीत. गाळाच्या वड्या पाडून त्यात एकेक बी बोटाने दाबलं होतं मी मार्चमध्ये, ती रोपं नाहीत. त्यांचं मैदान आणि माझी जमीन मिळून एक झालीय, पार त्या टोकापर्यंत. पांढऱ्या चुन्याच्या रेघा मारल्यात. दोन वाळुंजी तोडल्यात, तिसरी ठेवलीय, तिच्याखाली गोलपोस्ट, आणि त्याच्या मागे माझा क्रूस. झेंडू अजून ताजे होते. शब्द पाळला मेल्याने.

एक माणूस जाळी बांधत होता. कोणाचं मैदान म्हणून विचारलं. तिबुर्सियोंचं आणि त्यांच्या धर्मपुत्राचं म्हणाला. लेओबार्दोचं.

हासिन्तो गेल्यावर जमीन मुलाच्या नावे केली होती. कंपाद्रेच म्हणाले होते, पुढे कटकट नको. तेच साक्षीदार.

परत आले, बाटली बदलली. तीन तासांनी पुन्हा बदलली. ही बाटली माझ्या गळ्यातलं दावं होतं, आणि मी दावं मिरवत होते. रोज यांना दुवा देत होते. कंपाद्रे आले, बर्फ दिला, चराची जाळी छान होतेय म्हणाले. मी म्हटलं, हो का. चेहऱ्यावर काही येऊ दिलं नाही. हे कसं जमलं मला ठाऊक नाही, मी तर साधं मीठ कमी पडलं तरी बोलून दाखवणारी बाई.

१० मे. पाणी १७.

आईचा दिवस. सकाळी लेओबार्दो केक घेऊन आला, कंपाद्रे फुलं घेऊन. दोघांनी दारात गाणं म्हटलं, माझ्या वाढदिवसालाही एवढ्या मोठ्याने म्हटलं नव्हतं. मी कोंबडीवर मिरच्यांचा दाट मोले केला होता. दोघांनी दोनदा घेतला.

जेवण झाल्यावर बादली आणली. वकीलसाहेबांना बर्फाच्या बाटलीसोबत आत ठेवलं. म्हटलं, "कंपाद्रे, हा आता बरा झाला. तुम्हाला सापडला, तुमच्याच हातून सोडायचा. माझी होडी झाली असेल ना दुरुस्त?"

लेओबार्दो म्हणाला, आज ऊन फार आहे, आई. मी म्हटलं, उन्हाचं मी बघते, महिनाभर तेच बघतेय. कंपाद्रे लेओबार्दोकडे पाहत राहिले. मी बादली उचलून धक्क्याकडे चालू लागले, तेव्हा त्यांना मागे यावंच लागलं.

माझी होडी धक्क्यालाच बांधलेली होती. डांबराचा एक थेंब नव्हता तिला. कंपाद्रेंनी काठीने होडी रेटायला घेतली. एवढी हळू त्यांनी कधी रेटली नसेल. मध्येच लेओबार्दो म्हणाला, आई, मला काहीतरी सांगायचंय. मी म्हटलं, पोचल्यावर सांग. बादली मांडीवर धरली होती, आतून पाणी हलत होतं.

फाट्यावर वळलो. मॅच चालू होती, निळे आणि पिवळे. एकाने हात केला, तिबुर्सियोकाका, या की! कंपाद्रेंनी होडी काठाला लावली आणि काठी हातात धरून उभे राहिले.

"दाखवा," मी म्हटलं, "कुठे सापडला ते."

त्यांनी टोपी काढली. मग हात उचलून मैदानाच्या मधल्या रेघेकडे दाखवलं.

"तिथे चर होता."

"चर मला ठाऊक आहे. अहोलोते कुठे सापडला विचारलं."

"बाजारात, कोमाद्रे." मग म्हणाले, "तुम्हाला सोबत व्हावी म्हणूनही आणला होता. देवाशपथ."

आणि ते खरं होतं. तेच मला जास्त लागलं. नुसता दुष्टावा असता तर मी बादली त्यांच्या डोक्यावर पालथी केली असती, आत वकीलसाहेब नसते तर.

लेओबार्दो रडत होता, चौतीस वर्षांचा घोडा. म्हणाला, मी पुएब्लाहून येऊन शेती करणार नव्हतो, आई. तू म्हातारी होतेस. तुला सांगितलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस.

"हो," मी म्हटलं. "नाही म्हणाले असते. म्हणूनच विचारायचं असतं."

पिवळ्यांनी गोल केला, चेंडू जाळीसकट माझ्या क्रूसाला आपटून परत आला. मी उतरले, क्रूस उपटला, होडीत आडवा ठेवला, आणि लेओबार्दोला म्हटलं उतर, कंपाद्रेंना म्हटलं उतरा. काठी मी घेतली. अजून जमतं मला.

१२ मे. पाणी १८.

नोएमीबाईंना विचारलं, आता याचं काय करू. म्हणाल्या, दुकानात जन्मलेला पाण्यात सोडायचा नसतो, जे काही रानातले उरलेत त्यांना तो रोग देईल. बरा सांभाळला तर पंधरा वर्षं जगतो. मी एकसष्टची आहे. बघू कोण आधी.

त्याच्यावर राग काढावा असं वाटलं होतं. काचपेटीपुढे उभी राहिले. बोट न आपटता वर आला, तोंड उघडून. बिचाऱ्याला चर माहीतच नाही. गांडूळ दिलं.

क्रूस काचपेटीच्या मागे भिंतीला टेकवून ठेवलाय. लेओबार्दोचे सात फोन आले, उचलले नाहीत. आठव्याला काय करेन माहीत नाही.

१४ मे. पाणी २२.

सकाळी दारात बर्फाच्या दोन बाटल्या होत्या, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या. कालही होत्या. परवाही. कंपाद्रे हाक मारत नाहीत, ठेवून जातात. काल आणि परवा मी तशाच उन्हात राहू दिल्या. पाणी होऊन गेलं त्यांचं, मी खिडकीतून बघत होते.

आज दुपारी फ्रीज पुन्हा बंद पडला. माझ्या चारही वितळल्या. वकीलसाहेब तरंगायला लागले.

दार उघडलं आणि त्या दोन्ही बाटल्या, फडक्यात अजून निम्म्या गोठलेल्या, उचलल्या. त्याच्यासाठी उचलल्या. हे इथे तारीख घालून लिहून ठेवते, म्हणजे पुढे कोणी ही वही वाचली, तर मी माफ केलं असं समजू नये.